तळाचा राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन नव्हे, अँड्र्यू जॉन्सन

फेब्रुवारीचा तिसरा सोमवार अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने सुट्टीचा असतो आणि त्याच्या आगेमागे ‘आजवरचा सर्वांत वाईट राष्ट्राध्यक्ष कोण’ हा वाद दर वर्षी नव्याने रंगतो. तिकडे राहणारी मराठी मंडळीही त्यात हिरिरीने उतरतात. त्यांच्या गप्पांत हा वाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की गाडी कुठल्या वळणाने जाणार हे आता आधीच कळते. एक जण ट्रम्प यांचे नाव घेतो, दुसरा तत्काळ बायडेन यांचे, तिसऱ्याला बुश आणि इराक आठवतात, वयाने मोठे कोणी असतील तर निक्सन येतात आणि तासाभरात सगळे आपापल्या पक्षाच्या तंबूत परततात. इतिहासकारांच्या याद्या यापेक्षा पुष्कळ अभ्यासू असतात, पण त्यांतही एक उणीव राहतेच. कोणत्या मापाने मोजले, हे वाचकाला नीट सांगितले जात नाही आणि माप मात्र पिढीगणिक बदलत राहते.

म्हणून माझे माप आणि माझे मत दोन्ही आधीच सांगतो. राष्ट्राध्यक्षाचा दोष ठरवताना त्याच्या हाती किती मोकळीक होती, दुसरा मार्ग समोर दिसत असताना त्याने तो जाणूनबुजून सोडला का, आणि त्याने केलेली हानी किती पिढ्यांनी भोगली, हे पाहिले पाहिजे. या मापाने तळाची जागा १५ एप्रिल १८६५ ते ४ मार्च १८६९ या काळात सत्तेवर असलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांची आहे. सी-स्पॅन या वाहिनीने २०००, २००९, २०१७ आणि २०२१ अशा चार वेळा इतिहासकारांचा कौल घेतला. चारही वेळा शेवटचा क्रमांक लिंकन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांना मिळाला आणि जॉन्सन त्यांच्या बरोबर एक पायरी वर राहिले. एका पायरीसाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणी विचारेल. तर त्या एका पायरीमागे दोषाविषयीच्या दोन निरनिराळ्या कल्पना आहेत. एकीत, जे थांबवता आले नाही त्याबद्दल माणसाला धारेवर धरले जाते. दुसरीत, जे आपल्या हातांनी केले त्याबद्दल. दुसरा दोष अधिक मोठा आहे, असे मला वाटते.

याद्यांची मापे किती डळमळीत असतात, याची उदाहरणे याद्यांतच सापडतात. विल्यम हेन्री हॅरिसन १८४१ साली शपथविधीनंतर ३१ दिवसांत वारले. तरीही त्यांना दर वेळी तळाच्या गटात बसवले जाते. ज्याला काही करण्याइतकी सवडच मिळाली नाही, त्याची हानी कशी मोजायची? याहून बोलके उदाहरण १९४८ सालचे आहे. आर्थर श्लेसिंजर (थोरले) यांनी त्या वर्षी ५५ जाणकारांची मते घेऊन पहिली मोठी यादी केली. तीत ‘अपयशी’ हा शेरा दोघांनाच मिळाला, युलिसिस ग्रँट आणि वॉरन हार्डिंग यांना. अँड्र्यू जॉन्सन मात्र ‘सरासरी’ गटात सुखाने बसले होते. ग्रँट आणि हार्डिंग यांच्या नावावर काय होते? दोघांच्याही कारकिर्दीत त्यांच्या माणसांनी पैसे खाल्ले. हार्डिंग यांचे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याचे मंत्री अल्बर्ट फॉल ‘टीपॉट डोम’च्या तेलसाठ्यांच्या प्रकरणात लाच घेतल्याबद्दल तुरुंगात गेले, आणि मंत्रिमंडळात असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंग पाहणारे ते पहिले अमेरिकी मंत्री ठरले. हा कलंकच आहे आणि तो कोणी धुऊन काढू नये. पण याच हार्डिंग यांनी ऑक्टोबर १९२१ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या जमावासमोर उभे राहून काळ्या नागरिकांच्या राजकीय समानतेची मागणी केली होती, आणि ग्रँट यांनी १८७१ साली काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेच्या विरोधात कायदा करून दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांत सैन्याच्या बळावर त्या टोळ्या मोडून काढल्या होत्या. खाल्लेला पैसा हिशेबात धरायचा आणि वाचवलेली किंवा वाऱ्यावर सोडलेली माणसे धरायची नाहीत, असे ते माप होते. भ्रष्टाचाराच्या बातम्यांवर पोसलेल्या आपल्या समाजालाही ते फार ओळखीचे वाटायला हवे.

हे माप आले कुठून? विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांची घडी नव्याने बसवण्याच्या काळाचा, म्हणजे पुनर्रचनेचा, इतिहास प्रामुख्याने कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी लिहिला. मुक्त झालेल्या गुलामांना मताधिकार देणे ही घोडचूक होती आणि तिला अडवणारे जॉन्सन घटनेचे निष्ठावान रक्षक होते, अशी त्या इतिहासाची मांडणी होती. काळे इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९३५ साली ही मांडणी मुळापासून खोडून काढली, पण विद्यापीठांनी ते ऐकायला आणखी तीस वर्षे घेतली. ऐकल्यानंतर ग्रँट सी-स्पॅनच्या यादीत २००० साली ३३व्या स्थानावर होते, ते २०२१ साली २०व्या स्थानी आले. जॉन्सन घसरले, पण ब्यूकॅनन यांना ओलांडून खाली गेले नाहीत.

आणखी एक माप आपल्याला अधिक जवळून कळते. निक्सन यांचे नाव निघाले की अमेरिकेत वॉटरगेट आठवते. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात याह्या खान यांचे सैन्य कत्तली करत होते, ढाक्यातले अमेरिकेचे स्वतःचे वाणिज्यदूत आर्चर ब्लड ६ एप्रिलच्या तारेने सरकारच्या नैतिक दिवाळखोरीचा निषेध करत होते, आणि निक्सन यांनी त्या दूतालाच तिथून हलवले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. देशातल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेली घरफोडी आणि परदेशात बळी गेलेले लाखो जीव, यांतले पहिलेच तेवढे यादीत जड ठरते. अमेरिकी मतदाराने आधी आपले घर पाहावे हे स्वाभाविक आहे, पण ‘इतिहासातला सर्वांत वाईट’ असे म्हणताना इतिहास एकाच देशाचा कसा धरायचा? एवढे असूनही निक्सन यांना मी तळाला ठेवत नाही. त्या कत्तलीचा हुकूम त्यांनी दिला नव्हता. त्यांनी ती चालू दिली आणि खुन्याच्या पाठीशी उभे राहिले.

हयात अध्यक्षांना मी या हिशेबात धरत नाही. २०२४ च्या एका सर्वेक्षणात तज्ज्ञांनी ट्रम्प यांना ४५वे म्हणजे अगदी शेवटचे आणि तेव्हा पदावर असलेल्या बायडेन यांना १४वे स्थान दिले. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेच्या इमारतीवर चालून गेलेला जमाव ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. निवडणुकीचा निकाल नाकारणे हा लोकशाहीतला मोठा अपराध आहे, हे मला मान्य आहे. पण हॅरी ट्रुमन पद सोडताना किती नावडते होते आणि आज पहिल्या दहांत कसे बसतात, हे आठवले की ज्यांच्या कृत्यांचे परिणाम अजून पुरते उलगडले नाहीत त्यांचा क्रमांक लावण्याची घाई करू नये, असे वाटते. यादीबाहेर ठेवणे म्हणजे निर्दोष सोडणे नव्हे.

आता ब्यूकॅनन. त्यांच्या विरोधातला खटला मजबूत आहे आणि तो पूर्ण मांडलाच पाहिजे. ४ मार्च १८५७ रोजी शपथ घेताना त्यांनी गुलामगिरीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालय जो निकाल देईल तो सर्वांनी मानावा, असे साळसूदपणे सांगितले. प्रत्यक्षात त्यांनी त्याआधीच न्यायमूर्तींशी पत्रव्यवहार करून ड्रेड स्कॉट या स्वातंत्र्य मागणाऱ्या गुलामाच्या खटल्यात एका न्यायमूर्तींवर दबाव आणला होता. दोन दिवसांनी निकाल लागला, आणि काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही असे न्यायालयाने ठरवले. पुढे कॅन्सस प्रांताच्या गळ्यात गुलामगिरीची राज्यघटना बांधण्याचा त्यांनी आटोकाट प्रयत्न केला. दक्षिण कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी फुटून निघाले. त्याच्या थोडे आधी त्यांनी संसदेला कळवले होते की राज्यांना फुटण्याचा हक्क नाही, परंतु त्यांना बळाने रोखण्याचा हक्क केंद्रालाही नाही. लिंकन यांनी सूत्रे घेईपर्यंत सात राज्ये गेली होती. नंतरच्या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. यापेक्षा मोठी हानी कोणती, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे.

पण त्या युद्धाचे सरण एकट्या ब्यूकॅनन यांनी रचलेले नव्हते. १८५४ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करणाऱ्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही केली, त्याआधी राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या कायद्यावर केली, आणि त्याही आधी सत्तर वर्षे सगळ्यांनी मिळून लाकडे जमवली होती. ब्यूकॅनन यांच्याऐवजी १८५७ मध्ये एखादा खंबीर माणूस असता तर युद्ध टळले असते का? कदाचित ते लवकर सुरू झाले असते. आणि युद्ध टळणे याचा त्या घडीला अर्थ चाळीस लाख माणसे आणखी काही दशके गुलाम राहणे असाच होता, हे विसरून चालणार नाही. ब्यूकॅनन यांची चूक भयंकर होती, तरी ती दुरुस्त करणारा माणूस काही महिन्यांतच त्यांच्या जागी आला. जॉन्सन यांची चूक दुरुस्त व्हायला शंभर वर्षे लागली.

जॉन्सन यांचे चरित्र एका वेगळ्या वळणाने जाऊ शकले असते, म्हणून ते वाचताना अधिक त्रास होतो. १८०८ साली उत्तर कॅरोलायनातल्या राली इथे अत्यंत गरिबीत जन्म, शिंप्याच्या हाताखाली उमेदवारी, तिथून पलायन, टेनेसीतल्या ग्रीनव्हिलमध्ये स्वतःचे दुकान, बायकोच्या मदतीने झालेले शिक्षण आणि तिथून सिनेटपर्यंतची मजल. फुटलेल्या राज्यांतल्या सिनेटरांपैकी ते एकटेच संघराज्याशी एकनिष्ठ राहिले आणि त्यासाठी त्यांनी जिवाचा धोका पत्करला. हे धैर्य खरे होते. देशद्रोह लोकांच्या तिरस्काराचा विषय झाला पाहिजे आणि द्रोह्यांना कंगाल केले पाहिजे, असे ते गर्जत असत. ऑक्टोबर १८६४ मध्ये नॅशव्हिलच्या काळ्या लोकांच्या जमावाला त्यांनी वचन दिले होते की मी तुमचा मोझेस होईन, दास्यातून तुम्हाला बाहेर नेईन. सहा महिन्यांत लिंकन यांचा खून झाला, उपाध्यक्ष असलेले जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि वचन पाळण्याची संधी त्यांच्या पायाशी चालून आली. नवी संसद डिसेंबरपर्यंत भरणार नव्हती. आठ महिने विचारणारे कोणी नव्हते. शरण आलेला दक्षिण विजेत्यांच्या अटींची वाट पाहत होता. अशी मोकळीक त्याआधी किंवा नंतर फार थोड्या राष्ट्राध्यक्षांना मिळाली.

त्या आठ महिन्यांत त्यांनी काय केले हे दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या एडिस्टो बेटावर जाऊन पाहावे. उत्तरेचे आरमार १८६१ साली आल्यावर तिथले कापूस पिकवणारे जमीनमालक पळून गेले होते. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी हुकूम काढून किनाऱ्यालगतच्या अशा जमिनी मुक्त गुलामांना कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत वाटून दिल्या. साधारण चाळीस हजार माणसे त्यांवर वसली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी पेरणी करू लागली. जॉन्सन यांनी मे महिन्यात माफीचा जाहीरनामा काढला आणि माफी मिळालेल्या मालकांना जमिनी परत देण्याचे ठरवले. वीस हजार डॉलरांहून अधिक मालमत्ता असलेल्यांना माफीसाठी जातीने अर्ज करायचा होता. एके काळी शिंप्याला दारात उभे न करणारे जमीनदार त्याच शिंप्याच्या दारात रांगा लावू लागले आणि हजारो माफ्या सुटल्या. ऑक्टोबरमध्ये मुक्त गुलामांच्या खात्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांना ही बातमी सांगायला एडिस्टोवर पाठवण्यात आले. हॉवर्ड त्या लोकांचे हितचिंतक होते आणि युद्धात त्यांचा उजवा हात गेला होता. चर्चमध्ये माणसांची दाटी झाली होती. जमिनी परत कराव्या लागतील हे कळताच असा कल्लोळ उठला की त्यांना पुढे बोलता येईना, आणि मग एका बाईने दुःखाचे एक भजन सुरू केले आणि सगळी सभा ते गाऊ लागली.

मालकांना क्षमा करा, असे हॉवर्ड यांनी तिथे सांगितले. त्यावर बेटावरच्या तिघांच्या समितीने त्यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की तुमचा फक्त उजवा हात गेला, तोही युद्धात, तुम्ही कदाचित क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडे करून चाबकाने फोडले, आणि जो आता त्याच्या दरात त्याची शेती केल्याशिवाय रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्याला मला क्षमा करता येत नाही. मला स्वतःची जमीन असती तर मी त्याचे तोंडही पाहिले नसते, हे तो पुरते ओळखून आहे. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले. जमीन, मजुरी आणि बंधन यांचे नाते इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा मजकूर मी तरी दुसरा वाचलेला नाही.

जॉन्सन यांच्या बाजूने तीन गोष्टी गंभीरपणे मांडल्या जातात. पहिली, शर्मन यांचा हुकूम युद्धकाळातला तात्पुरता होता आणि त्याने दिलेला हक्क ताब्याचा होता, मालकीचा नव्हता. हे कायद्याने खरे आहे. पण तात्पुरत्या हक्काला कायमचा करणे हे संसदेपुढे ठेवता आले असते. जॉन्सन यांनी तिच्या बैठकीची वाटही पाहिली नाही. दुसरी, उत्तरेतले गोरेही समानतेला तयार नव्हते, आणि त्याच १८६५ च्या शरदात कनेक्टिकट, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा इथल्या मतदारांनी काळ्यांचा मताधिकार फेटाळला. हेही खरे आहे. पण मग १८६६ च्या नागरी हक्क कायद्यावर जॉन्सन यांनी वापरलेला नकाराधिकार संसदेने दोन तृतीयांश मतांनी कसा ओलांडला? देश मताधिकाराबाबत कचरत होता. काळ्या माणसाला करार करू द्यावा, न्यायालयात साक्ष देऊ द्यावी, जिवाचे रक्षण मिळावे, एवढ्यासाठी तो तयार होता. जॉन्सन एवढ्यासाठीही तयार नव्हते. तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे. संसदेने त्यांचे पंधरा नकाराधिकार मोडून काढले, चौदावी घटनादुरुस्ती त्यांच्या विरोधाला न जुमानता झाली, १८६८ मध्ये महाभियोगात ते एका मताने वाचले, तेव्हा अशा हात बांधलेल्या माणसाने एवढी हानी कशी केली असेल? शिवाय १८७७ मध्ये दक्षिणेतून सैन्य मागे घेणारे राष्ट्राध्यक्ष हेज आणि १८९६ मध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणाऱ्या ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला मान्यता देणारे सर्वोच्च न्यायालय यांचा वाटा नाही का?

त्यांचा वाटा आहेच. पण पराभवाने सुन्न झालेला समाज फार काळ सुन्न राहत नाही. जॉन्सन यांनीच पाहणीला पाठवलेले कार्ल शुर्झ १८६५ च्या उन्हाळ्यात दक्षिणेत फिरले आणि सैल धोरणामुळे जुन्या सत्ताधाऱ्यांची हिंमत कशी वाढत आहे याचा तपशीलवार अहवाल त्यांनी लिहिला. जॉन्सन यांना तो नकोसा झाला. म्हणजे माहिती नव्हती ही सबब उरत नाही. नोव्हेंबरात मिसिसिपीने काळ्यांसाठी वेगळे कायदे केले. जानेवारीत ज्याच्याकडे कामाचा लेखी पुरावा नाही तो भटक्या ठरायचा, त्याला दंड व्हायचा आणि दंड भरता आला नाही तर भरणाऱ्याकडे त्याला कामाला जुंपले जायचे. नव्या वर्षात जॉर्जियाने फुटीर सरकारचे माजी उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनाच सिनेटवर निवडून पाठवले. मे १८६६ मध्ये मेंफिसमध्ये ४६ काळ्या माणसांचे मुडदे पडले, जुलैत न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. संसदेने नंतर कायदे केले, पण तोवर दक्षिणेला एक गोष्ट कळून चुकली होती की वॉशिंग्टनमधला सर्वांत मोठा माणूस आपला आहे आणि आपण चिकाटी धरली तर हरलेली लढाई जिंकता येईल. अलास्काची खरेदी त्यांच्याच काळात झाली, ७२ लाख डॉलरांना, आणि ती उत्तम खरेदी होती. पण बर्फाचा तो प्रदेश या पारड्यात टाकून काही साधत नाही.

माझे माप वापरून कोणी अँड्र्यू जॅक्सन यांचे नाव पुढे करील, तर माझी बाजू तिथे थोडी अडते. १८३० च्या कायद्याने त्यांनी मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हाकलले, पुढे चेरोकींच्या वाटचालीत हजारो माणसे मेली, आणि तो कायदा प्रतिनिधिगृहात अगदी थोड्या मतांनी पार झाला होता, म्हणजे दुसरा मार्ग हाताच्या अंतरावर होता. मला दिसणारा फरक एवढाच, की जॅक्सन देशाच्या हावेवर स्वार झाले. देश एकदाच न्यायाच्या वाटेला लागला असताना जॉन्सन यांनी त्याला मागे खेचले. या फरकाला कोणी कमी वजन दिले तर मी फार भांडणार नाही.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी शरण आलेल्या काळ्या माणसांची सामूहिक हत्या झाली होती. जोतीरावांनी ज्यांना वंदन केले ती माणसे खरी होती आणि ते वंदन योग्यच होते. परंतु त्यांच्या त्यागाचे फळ नासवण्याचे काम आठ वर्षांपूर्वीच व्हाइट हाउसमधून सुरू झाले होते. आणि ते अनवधानाने झाले नव्हते. डिसेंबर १८६७ च्या वार्षिक संदेशात जॉन्सन यांनी संसदेला लिहून कळवले, की राज्य चालवण्याची क्षमता काळ्या लोकांनी इतर कोणत्याही वंशापेक्षा कमी दाखवली आहे.

शेवटचा आक्षेप जॉन केनेडी यांचा. इतिहासकारांच्या अशाच यादीवर चिडून १९६२ साली ते म्हणाले होते, की जो त्या खुर्चीत बसला नाही, ज्याने त्या टेबलावर आलेले टपाल आणि माहिती तपासली नाही, त्याला कुठल्याही राष्ट्राध्यक्षाला, अगदी बिचाऱ्या ब्यूकॅनन यांनाही, गुण देण्याचा अधिकार नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना ही चपराक योग्यच होती. खुर्चीत तर आपण बसू शकत नाही. टपाल मात्र वाचता येते. २८ ऑक्टोबर १८६५ या तारखेचा, थेट राष्ट्राध्यक्षांच्या नावे लिहिलेला एडिस्टो बेटावरच्या लोकांचा अर्ज आजही उपलब्ध आहे. देशातून फुटून निघण्याचा कट जिथे जन्मला आणि पोसला, तिथेच आम्ही जवळजवळ सारा जन्म गुलाम म्हणून राबलो, असे त्यात लिहिले आहे. ही आमची घरे आहेत, या जमिनी आज जशा आहेत तशा आम्ही केल्या आहेत. या जमिनींवर संघराज्याशी निष्ठावान अशी माणसे सापडली ती फक्त आम्हीच. मग जे नेहमी निष्ठेने वागले त्या आम्हा मुक्त माणसांना इतरांइतकेच हक्क नसावेत काय?